पाऊण तास पाणी

आमच्या गावात सरपंच कोणीही होवो, खरी सत्ता पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी ज्याच्याकडे, त्याची. चावी म्हणजे कमरेएवढा लोखंडी दांडा. टाकी वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, तिच्याखाली वरची वाडी, आणि पार उतारावर आमची खालची वाडी. चावी कित्येक वर्षं वरच्या वाडीतल्या गावप्रमुखांच्या घरी असायची. त्यांच्या वाडीचं भरून झालं की उरलंसुरलं आम्हाला. मे महिन्यात मुंबईकर आले की तेही नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

मी शाळेतून निवृत्त झाले आणि माझ्या जिभेला दुसरं काम राहिलं नाही. ग्रामसभेत भांडले, पुन्हा भांडले. शेवटी पाणी समितीची अध्यक्ष झाले आणि चावी माझ्या घरी आली. माझ्या धाकट्या दिराने तर तेव्हा वाडीत पेढे वाटले. मी नियम केला: दिवसाआड पाणी, दोन्ही वाड्यांना पाऊण पाऊण तास, घड्याळ लावून. सारखं म्हणजे सारखं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्याच आठवड्यात वरच्या वाडीतल्या अगदी वरच्या टोकाच्या घरातली सून माझ्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन उभी राहिली. ही एके काळी माझ्याच वर्गात होती.

"बाई, तुमच्या पाऊण तासात किती हंडं भरतात?"

"पिंपं भरून झाडांना पण होतं," मी म्हटलं.

"आमचं चार. येवन बघा."

गेले. घर टाकीच्या जवळजवळ बरोबरीला, त्यामुळे पाण्याला उतारच नाही. नळातून करंगळीएवढी धार. मी हातात घड्याळ धरून बसले. चार हंडे, पाचवा अर्धा. आत तिची सासू अंथरुणाला खिळलेली, तिच्या चादरी रोज धुवायच्या. त्या दिवशीच्या चादरी कोपऱ्यात तशाच पडल्या होत्या. तीस वर्षं मी मुलांना गणित शिकवलं आणि हे साधं गणित मला कळलं नाही, याची भयंकर लाज वाटली.

सभेत मी ठराव मांडला: वरच्या वाडीला एक तास, आपल्याला अर्धा. सगळ्यात आधी उठला तो माझा दीर.

"वयनी, इतकी वर्षं आमी कोरडं बसलो, तेवा त्यांच्यातलं कोण बोललं?"

हात वर करून मतं घेतली. आमच्या वाडीची घरं जास्त. ठराव पडला. इतिवृत्त मीच लिहिलं, खाली सहीसुद्धा केली. ती सून मागच्या रांगेत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उठून गेली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळी मी टाकीपाशी जाऊन आमच्या वाडीचा व्हॉल्व्ह सोडला आणि अर्ध्या तासाने बंद केला. वरच्या वाडीचा सोडला. थोड्याच वेळात उतारावरून माणसं चढून येताना दिसली. पुढे दीर, हातात रिकामी कळशी.

"वयनी, पानी गेलं."

"मी बंद केलं."

"ठराव पडलाय."

"ठाऊक आहे. मीच लिहिलंय."

"मग चावी द्या."

पंधरा-वीस माणसं माझ्याभोवती उभी राहिली. माझ्याच वाडीची, ज्यांच्या मतांवर मी अध्यक्ष झाले ती. दीर अगदी जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सगळ्यांचं मत मोडून तुमी तुमचंच खरं करनार, तर मग ते गावप्रमुख काय वाईट व्हते?"

तो बरोबर होता, आणि त्या चादरीही खऱ्या होत्या.

मी दांडा दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्या आजारी म्हातारीसाठी मी तिथे उभी राहिले, असं मला लिहायला आवडेल. ते अर्धंच खरं आहे. इतकी माणसं समोर असूनही एकालाही माझ्या हातातून चावी घेता येत नव्हती, आणि मला ते आवडत होतं. मी चावी दिली नाही.