जपानी गाडीतला चामड्याचा वायसर

खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोललो. मेकॅनिकला बोलावंच लागतं. ‘उद्या देतो’ हे आमच्या धंद्यातलं पहिलं खोटं, आणि ते गिऱ्हाईकही खरं धरत नाही. पण एक खोटं असं बोललो, की आता म्हातारा झालो तरी ते घशाखाली उतरत नाही.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. स्टेशनच्या रस्त्याला माझं गॅरेज. आमचे अब्बा स्टोव्ह, गॅसबत्त्या, शेतावरचे पंप दुरुस्त करायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि पुढे जीप-ट्रकवर आलो. बाजारात कापडाचं दुकान असलेले एक जैन शेठ होते, माझ्याच वयाचे. त्यांच्या मुंबईच्या मावसभावानं कुण्या परदेशी साहेबाची जुनी जपानी गाडी लिलावात घेतली, वर्षभर मिरवली, आणि पार्ट मिळेनात तेव्हा शेठच्या गळ्यात मारली.

लाल रंगाची, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी ती गाडी. नाक लांब आणि बूड जमिनीला टेकलेलं. शर्यतीत पळवायची चीज ती, आणि आली कुठं तर आमच्या चाकोऱ्यांत. नाकापेक्षा मोती जड! पहिल्या दिवशी गॅरेजात आली तेव्हा मी म्हटलं, “शेठ, हे गाडी व्हय का घोरपड?” शेठ हसले नाहीत. त्यांचा जीव बसला होता तिच्यावर.

खरं सांगतो, महिनाभरात माझाही बसला. बैलगाडीच्या चाकोरीत तिचा इंजिनाखालचा तेलाचा चेंबर घासायचा, म्हणून स्प्रिंगांखाली तुकडे घालून ती चार बोटं वर उचलली आणि पोटाखाली जाड पत्रा ठोकला. उन्हाळ्यात तापायची, म्हणून जीपचा पंखा कापून बसवला. कार्बोरेटर फियाटचा घातला. सायलेन्सर तर मी स्वतःच वळला. कोणी विचारलं की मी सांगायचो, “इंजन जपानचं हाय, बाकी समदं वाशीमचं.” गिअर टाकला की ती अशी उडायची, की रस्त्यावरची माणसं आधी बाजूला व्हायची आणि मग शिव्या द्यायची.

पण या सगळ्याच्या आधी एक काम झालं होतं, आणि ते शेठच्या आईनं सांगितलेलं होतं. म्हातारी सत्तरीची असेल. पांढरं लुगडं, पाय अनवाणी, अंगात मूठभर हाडं. चामडं न वापरण्याचं तिचं व्रत होतं. गाडी दारात आली तशी ती बाहेर आली, सीटवर हात फिरवला आणि म्हणाली, “हे कायचं हाय?”

सीटं चामड्याची होती, भारी, विलायती. दुसऱ्या दिवशी मी ती उसवली. गिअरच्या दांड्याभोवतीची टोपी चामड्याची होती, ती काढली. स्टिअरिंगवरचं कव्हरही काढलं. तिच्या बाजूचं सीट उंच केलं, लाकडाची चौकट करून वर कापूस भरला आणि जाड सुती कापड लावलं, म्हणजे तिला बसता-उठता यावं. म्हातारी स्वतः गॅरेजात आली आणि म्हणाली, “बापू, अजून कुठं हाय का पाह्य.” मी पूर्ण गाडी धुंडाळली आणि तिला सांगितलं, “नाही, माय. आता हे गाडी तुमच्या देवघरावानी साफ हाय.”

त्या शब्दावर ती गाडीत बसायला लागली. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. भाड्याच्या गाडीत ती बसत नसे, कोण काय खाऊन बसलं असेल म्हणून. मुलगा चालवतो आणि मिस्त्रीनं तपासली आहे, एवढी एकच गाडी तिला चालायची.

आणि तिचेच ब्रेक गेले. पेडल दाबलं की पाय थेट खाली. मी मास्टर सिलिंडर उघडलं. त्यात वाटीसारखा रबरी वायसर असतो, तो ब्रेकचं तेल पुढे ढकलतो. तो कडेनं चिरला होता. जीपचा लावून पाह्यला, मोठा. फियाटचा लावला, लहान. अकोल्याला जाऊन आलो, नागपूरला माणूस पाठवला, शेठनं मुंबईला पत्र टाकलं. उत्तर आलं, जपानहून मागवावा लागेल, केव्हा येईल सांगता येत नाही.

एरवी मी म्हटलं असतं, राहू द्या उभी. पण त्या वर्षी म्हातारी झपाट्यानं आटत चालली होती. एकवेळ जेवायची, त्यातही आज हे सोडलं, उद्या ते सोडलं. तिची एकच इच्छा उरली होती. पर्युषणाच्या आधी एकदा जवळच्या शिरपूरला, जैनांच्या तीर्थाला, जाऊन भगवंताचं दर्शन घ्यायचं. शेठ रोज गॅरेजात येऊन उभे राहायचे. मोठा माणूस, पण रडकुंडीला आलेला. म्हणायचे, “मिस्त्री, आईचं काही खरं नाही. तिले एकदा नेऊन आणू द्या मले. मग गाडी भंगारात गेली तरी चालंल.”

मला ते पाहवेना. आणि माझ्यात एक खोड आहे, हे काम होत नाही असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. सायकलच्या पंपात वायसर कशाचा असतो? चामड्याचा. शेतावरच्या हातपंपात? चामड्याचा. पाणी ढकलतो तर तेल काहून ढकलणार नाही? अब्बांच्या पेटीत कमावलेल्या चामड्याचा तुकडा होता. तो भिजवला, लाकडी साच्यात दाबून वाटी केली, वाळवली, कडा तासल्या, आणि तीन दिवस एरंडेलात बुडवून ठेवली. मग बसवली. अकोल्याच्या रस्त्याला मेडशीच्या पुढे उतार आहे, तिथं गाडी नेली आणि भर वेगात पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मी खाली उतरलो आणि भररस्त्यात एकटाच हसलो. वा रे पठ्ठे! जपान्यांनी केलं ते मी अब्बांच्या साच्यावर केलं होतं.

तेव्हा म्हातारीचं व्रत विसरलो होतो असं म्हणायची सोय आहे. पण नव्हतो विसरलो. बोटभर तुकडा, लोखंडाच्या नळीत, तेलात बुडलेला. तिला दिसणार नाही, तिच्या अंगाला लागणार नाही, आणि तिचं दर्शन होईल. असा हिशेब मी माझ्या मनाशी करून टाकला होता.

शेठ गाडी न्यायला आले. त्यांची सवयच होती, कुठलाही पार्ट बसवला की विचारायचे. “वायसर भेटला? रबरचाच ना?”

मी हात पुसत होतो. मान वर न करता म्हटलं, “हो.”

दुसऱ्या दिवशी मायलेक सकाळी शिरपूरला गेले आणि दुपारपर्यंत परत आले. येताना गाडी गॅरेजसमोर थांबवली. म्हातारीचा चेहरा असा काही खुलला होता, की मी कधी पाहिला नव्हता. तिनं माझ्या तळहातावर खडीसाखर ठेवली आणि म्हणाली, “बापू, तुह्यामुळं झालं रे माह्यं दर्शन. आता मी मोकळी.”

ती खडीसाखर मी घरी नेली. बायकोला सगळं रंगवून सांगितलं, साचा कसा केला, उतारावर गाडी कशी थांबली. वाटलं शाबासकी देईल. ती भाकर थापत होती. हात थांबवून म्हणाली, “अन् आपल्या ताटात कोणी गुपचूप हराम वाढलं असतं तर? तुमाले चव आवडली म्हणून ते हलाल झालं असतं का?”

मी चिडलो. म्हटलं, “तुले काय समजते गाडीतलं!” ती म्हणाली, “गाडीतलं नाही समजत.” आणि भाकर उलटवली. त्या दिवशी मी जेवलो नाही. पुढेही नीट जेवण गेलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. ती लाल गाडी बाजारातून जाताना दिसली की मी गॅरेजच्या आत सरकायचो. रोज ठरवायचो, उद्या सांगतो. माझा तो धंद्यातला ‘उद्या’.

पर्युषण संपलं. त्यानंतर क्षमावाणी येते. त्या दिवशी जैन लोक ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडे जातात आणि वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर हात जोडून क्षमा मागतात. शेठ दरवर्षी गॅरेजात यायचे. त्या वर्षी गाडी घेऊन आले, आणि बाजूच्या सीटवर म्हातारी बसलेली होती. माझी क्षमा मागायला ती स्वतः आली होती!

शेठ उतरून आत आले आणि माझ्यासमोर हात जोडले. म्हणाले, “मिस्त्री, वर्षभरात माह्या तोंडून काही वावगं गेलं असंल...”

मी त्यांचे हात धरले. पुढचं बोलूच दिलं नाही. म्हटलं, “शेठ, तो वायसर रबरचा नाही. चामड्याचा हाय. मी खोटं बोललो.”

शेठचा चेहरा पांढराफटक पडला. शिवी देतील असं वाटलं, दिली असती तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, “आईले सांगू नका. तिचं शिरपूरचं दर्शन वाया जाईल.”

बाहेरून म्हातारीचा आवाज आला, “काय झालं रे?”

“काही नाही, आई.”

“तुह्यं तोंड तर येगळंच सांगून राह्यलं.”

माझ्यामुळं आता मुलगा आईशी खोटं बोलत होता, तेही त्या दिवशी. मला सोसलं नाही. मी गाडीच्या दाराशी गेलो, खाली बसलो आणि सगळं सांगितलं.  मग तिनं विचारलं, “कोणाचं होतं?”

“म्हशीचं असंल, माय.”

“मेलेल्या का मारलेल्या?”

“मले माहीत नाही.”

तिनं डोळे मिटले. मग पाय दाराबाहेर काढले आणि मुलाचा हात धरून खाली उतरली. शेठ म्हणाले, “आई, घरापर्यंत तरी...” ती म्हणाली, “माहीत झाल्यावर कशी बसू रे?”

स्टेशनच्या रस्त्यावरून तिचं घर तुमच्या-माझ्या पायाला दहा मिनिटांचं. तिला तासाच्या वर लागला. दुपारचं ऊन होतं. दहा पावलं टाकली की तिचा दम जायचा. मी गॅरेजातलं स्टूल उचलून मागे चाललो होतो. ती थांबली की मांडायचो, ती बसायची, पुन्हा उठायची. दुकानदार ओट्यावर येऊन पाहत होते. एकानं विचारलं, “गाडी बिघडली का, शेठ?” शेठ आईला धरून पुढे चालत राहिले. मी खाली पाहून चालत होतो. रस्ता फाटून पोटात घेईल तर बरं, असं मनात येत होतं.

दाराशी पोचल्यावर ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता बोलेल. तिनं हात जोडले. “ज्या कामाले आली होती ते तर राह्यलंच,” ती म्हणाली. “बापू, माह्याकडून काही चुकलं असंल तर क्षमा कर.”

मी तिथंच ढसाढसा रडलो. 

तिनं प्रायश्चित्त म्हणून तीन उपवास केले. शिक्षा मला नाही, स्वतःला दिली. शेठ म्हणाले, ती म्हणते चूक तिचीच, नीट पाह्यलं नाही, दुसऱ्याच्या शब्दावर बसली. ज्या शब्दावर बसली तो माझा होता. ते तीन दिवस माझ्या बायकोनं चूल पेटवली, पण पोटभर आम्ही दोघंही जेवलो नाही.

जपानचा रबरी वायसर दिवाळीनंतर आला. मी तो बसवला आणि चामड्याचा काढून शेठच्या हातात दिला. गाडी तिच्या दारात नेऊन उभी केली. म्हटलं, “माय, आता खरंच साफ हाय. चला शिरपूरले, मी पायी मागून येतो.” तिनं खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, “तुह्यावर राग नाही रे. पण आता बसवत नाही.” रागावली असती तर मी समजूत काढली असती. विश्वासच उरला नव्हता, तिथं कशाची समजूत काढणार?

माघात ती गेली. शेठ सांगत होते, शेवटच्या दिवशी शुद्धीत होती. कोणीतरी तिला म्हटलं, शिरपूरचं दर्शन झालं ना, आता शांत राहा. तिनं मान हलवून नाही म्हटलं. अख्ख्या वाशीमला ठाऊक होतं की ती शिरपूरला जाऊन आली. माझ्या ब्रेकवर गेली आणि सुखरूप आली. पण तिच्या लेखी ती गेलीच नव्हती, आणि पुन्हा जायला तिच्यापाशी दिवस उरले नाहीत.