बाबांचा भाडेकरू

माझ्या सख्ख्या वडिलांनी मला खोली खाली करायला सांगितली, तेव्हा मी त्यांच्याच शेजारी बसून वरणभात खात होतो.

दोष टॅक्सचा. (म्हणजे माझाच, पण आधी टॅक्सचा म्हणून पाहतो.) दवनीवाड्यात माझं बिछायत केंद्र आहे, म्हणजे लग्नकार्याला, नाटकाला सामान भाड्याने द्यायचा धंदा. गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे मोठाले गंज, कढया, सगळा माल घराच्या समोरच्या खोलीत. गोंदियाचे वकीलसाहेब दरवर्षी माझा टॅक्स भरून देतात. ते म्हणाले, "भैयाजी, मकान बाबूजी के नाम है ना? उनको किराया दीजिए, करारनामा बनाइए. पूरा किराया धंदे के खर्चे में!" मला वाटलं, व्वा! पैसे बँकेतून बाबांकडे जाणार, बाबा ते गुपचूप माझ्या हातात ठेवणार, आणि टॅक्स आपोआप कमी!

पहिलं भाडं गेलं. मी वाट पाहिली. शेवटी लाजत म्हणालो, "बाबा, ते पैसे..."

"कोनते?"

"भाड्याचे."

"भेटले नं! टायमावर देल्ले, बेस केलं." आणि ते धान पाहायला निघून गेले.

जन्मभर धानाच्या भावासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला बँकेचा मेसेज येत होता. बाबा पक्के घरमालक झाले! "भितीत खिळा कोनाले पुसून ठोकला?" "लाईट काऊन सुरू हाय?" आईकडे दाद मागितली, तर ती म्हणाली, "मालक हायेत ते. मी काय बोलू?" (इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना पहिल्यांदाच मालक मानलं.) मी थकलो आणि खिळे ठोकणं सोडून दिलं.

मग दिवाळी सरली आणि मंडया लागल्या. मंडई म्हणजे गावात जत्रा, रात्रभर नाटक आणि घरोघर पाहुण्यांचा पूर. बिछायतवाल्याची खरी कमाई त्याच दिवसांत. नेमकी आमच्या गावच्या मंडईच्या दिवशीच मला शेजारच्या गावच्या नाटकाची मोठी ऑर्डर होती. माझा सगळा हंगाम तिच्यावर अवलंबून होता. आदल्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "उद्या खोली खाली कर. माह्या बहिनी येऊन राहिल्या."

"बाबा, करारात महिन्याची मुदत लिहिली हाय!"

"मंग जा कोर्टात. पन जेवून जा."

माल अंगणात आला. दुपारी आत्या आल्या आणि गाद्यांचा ढीग पाहून त्यांचे डोळेच भरून आले. "भाच्यानं आमच्यासाठी केवढी सोय केली वो!" माझ्या कढयांत मटण चढलं. संध्याकाळी नाटक मंडळाचे अध्यक्ष ट्रॅक्टर घेऊन आले, तोवर जेवणं उरकून पाहुणे रात्रीच्या नाटकाआधी आडवे झाले होते.

"गाद्या कोठी हायेत?"

मी घोरणाऱ्या मोठ्या आत्याकडे बोट दाखवलं.

"उठव नं मंग!"

मंडईच्या पाहुण्याला झोपेतून उठवायचं? तेही बाबांच्या देखत? आमच्याकडे असा पराक्रम अजून कुणी केलेला नाही. अध्यक्ष रिकामा ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्या बिछायतवाल्याकडे गेले. मला अगदी रडावंसं वाटलं, पण तेवढ्यात कुणीतरी चादर मागितली.

मोठ्या आत्याचे नवे व्याही पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. मी त्यांच्यासाठी गादी ओढत असताना त्यांनी बाबांना विचारलं, "हे पोरगं कोन? मघापासून राबून राहिलं बिचारं."

बाबांनी सुपारी कातरत शांतपणे सांगितलं, "भाडेकरू हाय. पन एकदम घरच्यासारखा रायते."

मी व्याह्यांना उशी दिली आणि बाबांनाही एक दिली. करार संपत आला होता, आणि नवा करायचा तर मालकाची मर्जी राखावी लागते.