यादीतली धाकटी

थोरली आणि धाकटी, दोघी जावा, वीस वर्षं एकाच खाणीवर खडी फोडत होत्या. थोरली दगडाची नस बघून घाव घालायची. तीन घावांत दगड उकललाच पाहिजे. चौथा लागला तर चूक दगडाची नव्हे, आपली, असं म्हणायची. धाकटी दोन घाव जास्त घालायची आणि चार शब्द जास्त बोलायची.

मतदानाला दोघी नवऱ्यांच्या मागून जायच्या, ते सांगतील ते बटण दाबायच्या. "आपलं डोकं पाट्या वाहायला," धाकटी हसायची.

गावच्या दवाखान्याच्या पायातली खडी दोघींच्याच हातची. पुढाऱ्याने फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि मग कुलूप लागलं ते लागलंच. पुढे धाकटीला ताप चढला. बाजेवर घालून तिला तिथवर आणली. थोरलीने दगडाने कुलूप तोडलं. आत खाट नाही, माणूस नाही, औषधाची बाटलीसुद्धा नाही. धाकटी त्या रिकाम्या फरशीवर गेली.

तेव्हापासून थोरली सभेत पुढे बसू लागली. एकच विचारायची, "दवाखान्यात माणूस कधी?"

नवरा म्हणाला, "फार शहाणी झालीस."

"उशिराच झाले."

या खेपेला मत कुणाला, ते तिने त्याला सांगितलं नाही.

केंद्रावर कारकुनाने यादी दोनदा पाहिली. "बाई, तुम्ही वारलात."

यादी तपासायला माणूस घरी आला होता, तेव्हा ती खाणीवर होती. त्याने सासऱ्याला दोन्ही सुनांची नावं वाचून दाखवली आणि विचारलं, यातली वारली कोण? घरात उभा जन्म थोरली नि धाकटी. कागदावरची नावं म्हाताऱ्याला कुठली ठाऊक! पहिल्याच नावाला त्याने मान डोलावली.

केंद्राच्या दाराशी उभा नवरा पुटपुटला, "धाकटीचं नाव आहे ना? तिच्या नावावर मत टाक. कोण बघतंय?"

"ती मेली तेव्हाही कुणी बघितलं नाही," थोरली म्हणाली आणि बाहेर पडली.

तोच पुढारी निवडून आला. आठवड्याने ती एका दिवसाचा रोज बुडवून कचेरीत गेली.

"तुमचं नाव घालू," तिथला कारकून म्हणाला, "पण मेलेलीचं काढावं लागेल. नाव काय तिचं?"

थोरलीने ते पहिल्यांदाच उच्चारलं, पूर्ण, सावकाश. मग अंगठा उठवला.

कारकुनाने रेघ मारली. एकाच घावात.