कपाटातला पिवळा बल्ब

मला थंड हवाच मानवते, हे मी सोलापुरात उभा जन्म सांगत होते. एप्रिल लागला की माझं तोंड सुरू. फरशीवर पाणी शिंपडायचं, पदराने वारा घ्यायचा आणि नवऱ्याला ऐकवायचं, "तुमच्या या भट्टीत माझं आयुष्य गेलं!" माझं माहेर बार्शीचं, तिथे काय बर्फ पडत होतं थोडंच! पण लग्नानंतर, दिवाळी झाल्यावर, आम्ही खंडाळ्याला गेलो होतो. दरीच्या कडेला शाल पांघरून चहा पिताना मी ठरवूनच टाकलं की मी मुळात इथली, चुकून तिकडे जन्मले. पुढे हे नणंदेला, जावांना, भाजीवालीलाही सांगून झालं.

हे निवृत्त झाले आणि मी धोशा लावला. ह्यांनी स्वतः उभं राहून बांधलेलं घर होतं, उन्हाळ्यात झोपायला गच्ची होती, कोपऱ्यावर मित्र होते. ह्यांना कुठेही जायचं नव्हतं. पण हे वाद घालणाऱ्यातले नाहीत. एक दिवस म्हणाले, "तुझं एवढं मन आहे तर जाऊ." ते घर विकलं आणि लोणावळ्याला, तुंगार्लीत, बंगल्यांच्या मागच्या गल्लीत एक लहानसं घर घेतलं. निघताना मी गल्लीभर आमंत्रणं दिली. "या हो पावसाळ्यात, धुकं खिडकीतून आत येतं!" तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

हिवाळा मजेत गेला, उन्हाळाही. मग पाऊस लागला. धुकं खिडकीतून आत येतं हे खरंच निघालं. ते आलं आणि जाईचना.

कपडे वाळेनात, मिठाला पाणी सुटलं, सकाळची कडक भाकरी संध्याकाळपर्यंत लुळी पडायला लागली. तेही चालवून घेतलं असतं. पण माझंच काहीतरी बिनसलं. सकाळी उठावंसं वाटेना. दिवसाढवळ्या दिवे लावून बसायचं, तरी घरात अंधारच. वेणी घालायचा कंटाळा, फोन उचलायचा कंटाळा. एकदा पोह्यांत मीठ जास्त पडलं म्हणून मी ओट्याला धरून रडले. बाहेरून सहलीची पोरं आरडाओरडा करत भिजायला चाललेली दिसली की वाटायचं, एकेकाच्या कानाखाली वाजवावी. एवढा राग मला कशाचा येत होता, कोण जाणे.

आणि हे? ज्यांना यायचंच नव्हतं, ते असे रमले की विचारू नका. जेवण झालं की छत्री घेऊन तुंगार्लीच्या तळ्यावर. तिथे दोस्त जमलेले. एक रेल्वेतून निवृत्त झालेले, घोरावाडीहून लोकलने येणारे, आणि एक शेतकरी आबा, ज्यांच्या भाताच्या खाचरांवर आता बंगले उभे आहेत. हे भिजून परत यायचे, चेहरा तरतरीत, आणि म्हणायचे, "तू म्हणायचीस ते खरं होतं गं. काय हवा आहे!"

"मग? मी सांगत नव्हते?" मी म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? कुठल्या तोंडाने सांगू, की अहो, मला इथं नको?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी डोंगरावरच्या वाडीतल्या. पावसाच्या सुरुवातीलाच त्यांनी बजावलं होतं, "ताई, कपाटात बलब लावून ठिवा. जुना, पिवळा, तापनारा. न्हाईतर लुगडी समदी बुरशीनं जातील. हितं समदेच लावत्यात." आता तसले बल्ब सहज मिळत नाहीत. ह्यांनी सगळा बाजार पालथा घातला आणि एक पैदा केला. तो माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात चोवीस तास जळायला लागला.

एका दुपारी चादर काढायला मी कपाट उघडलं. आतून गरम, कोरडी हवा अंगावर आली. सोलापुरी चादरींना उन्हात वाळल्याचा वास येत होता. मी तशीच उभी राहिले. मग पाय दुखले म्हणून पाट आणला आणि दारं उघडी टाकून समोर बसले. हातभर उजेड, पण गच्चीवर उन्हात बसल्यासारखं वाटलं.

मग काय, रोजचंच झालं. हे तळ्यावर गेले की मी चहा, चष्मा, पेपर घेऊन कपाटासमोर. ज्या उन्हाला जन्मभर शिव्या घातल्या, त्याच्यासाठी मी साड्यांच्या कप्प्यात तोंड घालून बसत होते. ह्यांची चाहूल लागली की कप, पेपर, पाट सगळं आत, दारं बंद, आणि मी स्वयंपाकघरात. चोरी करताना होणार नाही एवढी धडधड व्हायची.

श्रावणात सोलापूरहून नणंद आली. ह्यांची धाकटी बहीण, तिखट जिभेची. मी धुक्याचं, धबधब्यांचं असं काही कौतुक चालवलं की माझं मलाच नवल वाटलं. दुपारी हे बाहेर पडायच्या तयारीत होते, मी भजी तळत होते. वन्संना थंडी वाजली म्हणून त्या चादर काढायला आतल्या खोलीत गेल्या.

"काय वो वहिनी हे?"

मी हातात झारा घेऊनच धावले. कपाट सताड उघडं. खालच्या कप्प्यात बल्ब, त्याच्या शेजारी पाट, पाटावर चहाची कपबशी, घडी केलेला पेपर आणि जांभळ्या दांड्यांचा चष्मा. पाठोपाठ हेही दारात येऊन उभे राहिले.

"कपाटात कोण बसतं?" वन्संनी विचारलं.

"हे बसतात," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. "ह्यांना इथली थंडी सोसत नाही. मी काय काय करू?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता गेली माझी अब्रू. पण ह्यांनी हातातली छत्री हळूच दाराआड ठेवली. "हो, मीच बसतो," म्हणाले. "जरा ऊब मिळते."

नंतर ओट्यापाशी मी हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"कपाटात पाट असायचा, हात लावला की गरम लागायचा," हे म्हणाले. "वाटलं, सांगशील कधीतरी." आणि भजी घेऊन बाहेर गेले. त्या वेळीच बाहेर जाऊन खरं बोलायला हवं होतं. मी पुढचा घाणा सोडला.

मग वन्संचं राज्य सुरू झालं. "दादा, स्वेटर घाल. दादा, कानटोपी कुठाय? दादा, पावसात पाऊल टाकायचं नाही." जेवण झालं की त्या स्वतः पाट मांडायच्या आणि ह्यांना कपाटासमोर बसवायच्या. धडधाकट माणूस कानटोपी घालून माझ्या साड्यांसमोर मुकाट्याने बसायचा. आणि मी? मला थंड हवा मानवते ना! मला वन्संबरोबर तळ्यावर जावं लागायचं. साडीचा घोळ चिखलात, छत्री उलटी होतेय, दात वाजताहेत, आणि मी म्हणतेय, "बघा वन्सं, धुकं कसं उतरलंय!"

तळ्यावर आबा भेटले. "भाऊ कुटं हायेत? येत न्हाईत जनू."

"दादाला पाऊस सोसत नाही," वन्संनी सांगितलं.

"कुनाला? भाऊंना?" आबा हसायला लागले. "आवो, आमी नगं म्हनलं तरी त्येच आमाला पावसात काढत्यात! लय आवड त्येंना."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे बघायला लागले.

जायच्या आदल्या दिवशी वन्संनी विषय काढला. हे पाटावर बसले होते, कानटोपीसकट. "दादा, हे घर विका आणि सोलापूरला परत चला. आमच्या शेजारची जागा निघालीय. ज्याला हवा मानवत नाही त्यानं कशाला कुढत राहायचं? बोल."

मला हवं होतं ते सगळं समोर आलं होतं. ऊन, कडक भाकरी, गच्ची. शिवाय दोष माझ्याकडे येणार नव्हता. उलट लोक म्हणाले असते, बिचारीला नवऱ्यापायी लोणावळा सोडावं लागलं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

हे बल्बकडे बघत म्हणाले, "हिची हरकत नसेल तर विकू." आवाज अगदी साधा होता. पण मी त्या आवाजाबरोबर जन्म काढलाय. सोलापूरचं घर विकतानाही हे असंच बोलले होते. एका बाईच्या तोंडाळपणापायी या माणसानं एकदा घर सोडलं, आणि आता तिच्या खोटेपणापायी दुसऱ्यांदा सोडायला निघाला होता. मला माझीच किळस आली.

"वन्सं," मी म्हणाले, "कपाटात मी बसते. पाऊस मला सोसत नाही. ह्यांना इथं आवडतं."

आयुष्यभर एवढी बडबड केली, पण ही तीन वाक्यं एवढ्या दिवसांत तोंडातून निघाली नव्हती. आता हसतील, सोलापूरभर सांगतील, म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले.

वन्सं हसल्या नाहीत. "जांभळा चष्मा दादाचा नसतो, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाला तुम्ही किती दिवस कपाटात बसवताय, तेवढंच बघत होते."

त्यांनीच कपाटातून माझी पिशवी काढली. "घर राहू दे. दादा इथंच राहील. तुम्ही चला माझ्याबरोबर, पाऊस संपेस्तोवर राहा. फक्त एक, आमच्या उन्हाला आता नावं ठेवायची नाहीत."

"नाही ठेवणार," मी म्हणाले.

ह्यांनी कानटोपी काढून माझ्या हातात दिली. दाराआडची छत्री घेतली, चपला पायात सरकवल्या, आणि "आबा वाट बघत असतील" म्हणून बाहेर पडले. एवढ्या घाईने चाललेलं मी ह्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी पाटावर टेकले. तो अजून गरम होता.