कोरड्या नळीचा पगार

भोंग्याला खऱ्या नावानं हाक मारली तर तो मागं वळून बघतो, आणखी कोण आलंय म्हणून. डब्यांची झाकणं ठोकायच्या कारखान्यात त्यानं जन्म काढला. तिथं प्रेस असा धडाडायचा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याच्यापर्यंत फक्त थुंकी पोचायची. त्यामुळं तिथली माणसं ओठ वाचायला शिकली. शिव्या तर सगळ्यात आधी शिकली. भोंग्याच्या कानातले बारीक आवाज हळूहळू झडून गेले, गळा मात्र होता तसाच राहिला. घरात "मीठ दे" म्हणाला तर समोरच्या इमारतीतली बाई बरणी शोधायला उठायची.

रिटायर झाला आणि बायकोच्या मानगुटीवर बसला. स्वयंपाकघरात स्टूल टाकून देखरेख करू लागला. कांदा असा धरला तर हालचाल वाचेल, गॅसपाशी उभं राहायची जागा चुकलीय, एक हात रिकामा का? एक दिवस चिरता चिरता बायको थांबली आणि तिनं सुरीकडं जरा जास्तच वेळ बघितलं. तेव्हा भोंगा म्हणाला, "मी मासे पाळू का?"

"पाळा," ती म्हणाली. "मगर पाळा."

मासे म्हणजे समुद्रातले, खाऱ्या पाण्यातले. दुकानात पहिल्यांदा बघितले तेव्हाच तो काचेला चिकटला होता. तोंडं हलतायत, आवाज नाही. अगदी आपली सकाळची शिफ्ट.

अट एकच होती. खालच्या मजल्यावर बायकोचा थोरला भाऊ राहतो. विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारता नाकारता म्हातारा झालेला माणूस. त्यानं नुकतंच घरात पीओपीचं छत करून घेतलं होतं, मधोमध दिवे, कडेनं वेलबुट्टी. ते छत बघायला तो पाहुण्यांना आडवं झोपवायचा. "दादाच्या छतातून एक थेंब जरी गळला," बायकोनं भावासमोरच सांगितलं, "तर टाकी गेली. मासे दादाला तळायला देईन." दादानं मान डोलावली. त्याला मासे आवडतात.

आता टाकीची भानगड अशी, की खाऱ्या पाण्याची टाकी एकटी राहत नाही. तिच्या खाली कपाटात दुसरी छोटी टाकी असते. तिथं पाणी गाळलं जातं आणि पंप ते परत वर फेकतो. चढवायला पंप आहे, उतरायचं मात्र पाण्यानं आपलं आपण. उतरायची वाट बंद झाली तरी पंप इमानदारीनं फेकतच राहतो, आणि मग पाणी काठावरून घरात येतं. म्हणजे टाकी घरात राहणार की जाणार, ते या उतरायच्या वाटेवर.

दुकानदारानं काठावर अडकवायचा एक डबा काढला. "हा घ्या. काचेला भोक पाडायला नको. ही वाकडी नळी पाणी ओढून बाहेर काढते."

"आणि लाइट जाऊन परत आली तर?"

"परत ओढते. बहुतेक."

"नळीत हवा शिरली तर?"

दुकानदार शेजारच्या गिऱ्हाइकाला खाद्याचं पाकीट दाखवायला लागला. भोंग्यानं डबा होता तिथं ठेवला. 'बहुतेक' म्हणणाऱ्या माणसाला त्यानं कधी मशीनला हात लावू दिला नव्हता.

"मग मागच्या काचेला दोन भोकं पाडा," दुकानदार परत आला. "दोन नळ्या. एक कायम तुडुंब भरून वाहणार, खाली व्हॉल्व्ह लावून तिला बेतायचं. आत हवा नाही, म्हणून आवाज नाही. दुसरी तिच्यापेक्षा जरा उंच. ती कोरडी."

"कोरडी म्हणजे?"

"म्हणजे काही करत नाही. पहिली तुंबली, पाणी वर चढलं, तरच हिच्यातून जातं."

"आणि नाही तुंबली तर?"

"तर उभी राहते."

"जन्मभर?"

"जन्मभर."

भोंग्याचं डोकं तापलं. "आमच्याकडं असा एक होता. सगळ्यांपेक्षा उंच जागी उभा राहायचा, कोरडा. त्याला आम्ही साहेब म्हणायचो. घरात मी साहेब पोसणार नाही!"

त्यानं आपलं डोकं चालवलं. भोकं दोनच, पण नळ्या दोन्ही कामाला. एकीतून पाणी उतरणार, दुसरीतून पंपाचं पाणी वर येणार. दुकानदारानं हात टेकले. "मग उतरायची एकच राहिली. तिचं तोंड वर हवेला उघडं ठेवा, नाहीतर लवकर तुंबेल. पण ती आवाज करते हां."

दुकानातल्या एका टाकीला तशीच नळी होती. भोंग्यानं पुढं होऊन काचेवर तळहात टेकवला. मशीनचं दुखणं तो असंच ओळखायचा. काच गार आणि शांत. "कुठाय आवाज?" तो ओरडला. गिऱ्हाइकं दचकली. मासेही दचकले.

टाकी बसली. नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आले, आणि एक निळा, जो स्वतः काही न करता सगळ्यांच्या मागं लागायचा. त्याचं नाव फोरमन ठेवलं. काचेवरचं शेवाळ खायला गोगलगायी आल्या. पिंपात मीठ ढवळणाऱ्या नवऱ्याकडं बघून बायको म्हणायची, "आमटीत चिमूट जास्त पडली तर ताट सरकवता, आणि इथं पोती रिचवताय."

आणि नळी बोलायला लागली. गुळगुळ, घुळघुळ, मधेच एक सणसणीत ढेकर.

"अहो, घरात कुणीतरी सारखं गुळण्या करतंय!"

भोंग्यानं काचेवर हात ठेवला. "काही नाही."

"हातानं काय ऐकताय?"

"जन्मभर हातानंच ऐकलंय."

बायकोनं कानात कापूस घातला. कापसातूनही ढेकर ऐकू यायला लागला तेव्हा काढून टाकला. पण ती टाकी घालवा म्हणाली नाही, कारण स्वयंपाकघरातलं स्टूल रिकामं झालं होतं. भोंगा दिवसभर टाकीसमोर बसून नुसते ओठ हलवत फोरमनशी भांडायचा. त्या ओठांवर काय होतं ते बरं झालं तिला वाचता येत नव्हतं.

एका दुपारी ती बटाटे सोलत असताना गुळण्या थांबल्या. आधी तिला इतकं बरं वाटलं की ती हातातला बटाटा तसाच धरून शांतता ऐकत बसली. मग मनात आलं, एवढं सुख आपल्या घरात फुकट कसं आलं? बाहेर येऊन बघते तर टाकीच्या मागच्या कडेवरून पाणी भिंत चाटत उतरत होतं, जमिनीवर पसरलं होतं, आणि भोंगा त्यात पाय सोडून बसला होता. पायांना गार लागतंय, हवा छान सुटलीय, एवढंच त्याला कळलं होतं.

"अहो!"

भांडण रंगात आलं होतं.

"अहो, मेला तो तुमचा फोरमन!" तिनं बटाटा फेकला. तो पाठीत बसला तेव्हा भोंगा वळला आणि तिचे ओठ वाचले. असे शब्द त्याला कारखाना सोडल्यापासून दिसले नव्हते.

बायकोनं पंपाची पिन उपटली. पोतेरं, टॉवेल, चादर, शेवटी कारखान्यानं निरोपाला दिलेलं ब्लँकेट, सगळं जमिनीवर आलं. नळीत एक गोगलगाय बुचासारखी बसली होती.

तेवढ्यात बेल वाजली. दादा दारात. "जावईबापू, माझ्या छताला दिव्याजवळ डाग आलाय. बशीएवढा."

भोंगा ब्लँकेट पिळत मान खाली घालून उभा राहिला. काचेपाशी फोरमन तोंड हलवत होता. भोंग्यानं त्याच्याकडं बघितलं नाही.

"अट तुझीच होती," दादा बहिणीला म्हणाला.

बायकोची नजर स्वयंपाकघराकडं गेली. तिथं कोपऱ्यात ते स्टूल उभं होतं, माणसाची वाट बघत.

"थेंब पडला का?" तिनं विचारलं.

"अगं, डाग एवढा मोठा..."

"डाग नाही विचारला. थेंब पडला?"

"अजून नाही."

"अट थेंबाची होती. लोकांना हेच सांगत आलास ना जन्मभर, जेवढं ठरलं तेवढंच मिळेल? मग झालं. दावा नामंजूर. छत रंगवून देतील हे. चहा घेणार?"

दादानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. फोरमन परवडला. मग चहा न घेता जिना उतरला.

दार लावून ती नवऱ्याकडं वळली. "दुकानदार सांगत होता ती कोरडी नळी लावा."

"अगं, पण ती नुसती उभी..."

"तुम्हीपण नुसते बसलेले असता. पोसतेच ना?"

भोंग्यानं सगळं उलगडलं. पंपाचं पाणी काठावरून आत आणलं, एक नळी तुडुंब चालवली, दुसरी तिच्याहून उंच आणि कोरडी ठेवली. व्हॉल्व्ह बेतताना हात त्याचा होता, कान बायकोचा. "ढेकर येतोय अजून. जरा आवळा. अहो, जरा म्हटलं! हं. बस." घर असं गप्प झालं की तिला भिंतीवरच्या घड्याळाचा राग यायला लागला.

कोरड्या नळीचं नाव त्यानं मेव्हणा ठेवलं. बायकोला कळल्याशिवाय राहिलं नाही, कारण त्यानं ते कुजबुजून ठेवलं होतं आणि त्याची कुजबुज रस्त्यावर ऐकू जाते.

"ठेवा की," ती म्हणाली. "दादा निदान उभा तरी आहे. तुमच्या भावाचं दिलं असतं तर पाणी बघूनच पळाली असती."

पुढं एका दुपारी बायको कपडे वाळत घालत होती आणि आतून गुळण्या ऐकू आल्या. पहिली तुंबली होती, कोरडी कामाला लागली होती. हाक मारण्यात तिनं वेळ घालवला नाही. कपड्याचा चिमटा नेम धरून फेकला. भोंगा मानेला हात लावत उठला, पंप बंद करून त्यानं व्हॉल्व्ह सोडवला आणि आतली गोगलगाय बाहेर काढली. जमीन कोरडी होती. त्यानं त्या नळीला बैलाला थोपटावं तसं थोपटलं. "घे. पगार वसूल!"

हे खाली दादालाही ऐकू गेलं. तो बराच वेळ आपल्या छताकडं बघत बसला.

चिमट्यांची टोपली आता स्वयंपाकघराच्या दाराशी, त्या स्टुलावर असते. चिमटे फेकायला राखून ठेवलेले, म्हणून दोरीवरचे कपडे वाऱ्यानं सुटून दादाच्या गॅलरीत पडतात. त्याबद्दल त्यानं अजून दावा केलेला नाही.