आमगावच्या रस्त्यावरचे काटे
आमगाव-सालेकसा रस्ता रुंद करायला परवा बाभळी तोडत होते, त्या ओल्या लाकडाच्या वासानं मला इंग्रजांच्या काळातला एक उन्हाळा आठवला. आजचा हा राज्यमार्ग तेव्हा बैलगाड्यांची मुरमाड वाट होता, आणि त्याच वाटेनं गावोगाव पटकी, म्हणजे कॉलरा, पसरत होती. आमच्या गावानं वेशीवर बाभळीचे काटे टाकून रस्ता बंद केला. राखणीला माझे बाबा होते. एका दुपारी सासरच्यांनी माहेरी धाडलेल्या माझ्या मोठ्या बहिणीची गाडी आली. बहीण गाडीत आडवी पडली होती, पटकीनं डोळे खोल गेलेले. “बाबा, मी आहो. काटे बाजूले करा ना.” बाबा कसेबसे बोलले, “माघारी जाय, बाई. गावात लेकरं आहेत.” ते ऐकून आई पाण्याची घागर घेऊन काट्यांतून पलीकडे गेली. “तुमी गाव राखा,” ती म्हणाली, “मी पोरीजवळ चालली.” संध्याकाळी वेशीबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली बहिणीनं प्राण सोडला. आई पंधरवडा तिथंच राहून एकटी परतली. त्या साली गावात पटकीनं कुणी दगावलं नाही. लोक बाबांचे उपकार मानू लागले की ते उठून जात. आज मी त्यांच्याहून म्हातारी झाले आहे, पण त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही, आणि बरोबर होतं असंही म्हणवत नाही.