काही बोलला नाही म्हणजे झालं

पारनेरच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत जैनुद्दीनचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे पासपोर्ट फोटोला गेलेला माणूस फोटो तर घेऊन येतोच, वर लिनक्सचे दोन धडेही घेऊन येतो. नको म्हणायची सोय नाही. प्रिंट निघायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ जैनूभाईला पुरतो.

खूळ लागायला कारण होतं. दुकानातला संगणक म्हातारा, आणि गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसांनी त्याची पार धर्मशाळा करून टाकली होती. राजस नावाचा कॉलेजातला एक मास्तर फोटोला आला, ते हाल बघून कळवळला आणि विंडोज काढून फुकटात लिनक्स घालून गेला. जाताना टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडून दाखवली. इथे माऊस लागत नाही, हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारायचा, एवढंच सांगितलं. महिनाभर जैनुद्दीनने तिला हात लावला नाही. मग लावला तो लावलाच.

"आधी आपण उभं कुठं हाय ते बघायचं," तो गिऱ्हाइकाला सांगे. "पीडब्ल्यूडी टाइप करा." पारनेरात एवढं म्हटलं की लोकांना बांधकाम खातं आठवतं. जैनूभाई तेही ऐकून घेई आणि पुढे जाई. "कोणत्या फोल्डरात हाय ते त्यानं कळतं. मंग एलएस. समोर काय काय पडलंय ते दिसतं. अंधाऱ्या खोलीत शिरल्या शिरल्या हातपाय झाडता का? न्हाई ना? मंग इथं का झाडता?" कुणी फाइलचं लांबलचक नाव अक्षर न् अक्षर टाइप करू लागलं की त्याच्या अंगाची लाही लाही होई. "अहो, पहिली तीन अक्षरं टाका आन टॅब दाबा! बाकीचं त्येचं ते लिहितं. वरचा बान दाबला की मघाचा हुकूम परत येतो. बोटं काय फुकट आलीत? आन फाइल पुसायच्या आरएमला जपून बरं का. हितं कचऱ्याचा डबा न्हाई. गेलं ते गेलं." गिऱ्हाईक बिचारं नोकरीच्या अर्जासाठी आलेलं. मान डोलावून पळे.

सगळ्यात लाडका धडा शेवटी यायचा. "काम नीट झालं की हा काही बोलत न्हाई. चुकलं तरच बोलतो. काही बोलला न्हाई म्हंजी झालं."

हे सांगताना तो कौतुकाने अंजुमकडे बघे. अंजुम त्याची बायको. निकाह झाल्यापासून प्रत्येक कार्यात त्याच्यामागे फ्लॅश धरून उभी राहायची. गप्प. जैनुद्दीनच्या हिशेबी तिचंही सगळं ठीक चाललं होतं.

यंदा उन्हाळ्यात मात्र तिने तोंड उघडलं. "मला कॅमेरा पायजे. फ्लॅश धरून खांदा गेला माझा. आन बायकांच्या घोळक्यात तुमाला शिरता येतं का?"

मुद्दा बिनतोड होता. जैनुद्दीनने आपल्या कॅमेऱ्याच्याच मॉडेलचा दुसरा, वापरलेला, कॅमेरा आणला. म्हणजे बॅटऱ्या आणि चार्जर एकमेकांना चालतील. शहाणपणाच केला त्याने. पुढचं सगळं त्या शहाणपणामुळेच झालं.

शामकांतकाका म्हणजे गावातले निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं काम जैनुद्दीनकडे आलं. मांडवात पुरुषांकडे तो आणि औक्षणाच्या बायकांत अंजुम, हातात पहिल्यांदाच स्वतःचा कॅमेरा. परतताना ती स्कूटरवर मागे बसून घर येईपर्यंत बोलत होती. कधी न हसणारे काका दिव्यांनी ओवाळताना कसे खुदकन हसले आणि तिने ते कसं बरोब्बर धरलं, हे तिने तीनतीनदा सांगितलं. जैनुद्दीन हं हं करत होता.

दुकानात येऊन त्याने नेहमीचं काम उरकलं. एक कार्य, एक फोल्डर, हा त्याच्या बापाच्या रिळांच्या काळापासूनचा नियम. सीपी, म्हणजे कॉपीचा हुकूम, मारून आधी अंजुमचं कार्ड फोल्डरात उतरवलं. मग त्याच फोल्डरात स्वतःचं. संगणक काही बोलला नाही. म्हणजे झालं. लगेच दोन्ही कार्डं कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केली, कारण कार्ड कायम रिकामं आणि तयार असावं, हाही नियमच.

फोल्डर उघडून न बघता त्याने तो तसाच काकांकडे पाठवला. फोटो पोचल्यावर काकांच्या मुलीचा, नीलांबरीचा, फोन आला. "जैनूभाई, फोटो छानच आहेत. पण औक्षणाचा एकही नाही हो. भाभींनी काढलेले कुठेत?"

जैनुद्दीनने एलएस करून पाहिलं. फोल्डरात फक्त त्याचेच फोटो होते. एका मॉडेलचे दोन कॅमेरे, रिकाम्या कार्डावर दोघांनी मोजणी एकपासून सुरू केलेली. तिच्या पहिल्या फोटोचं जे नाव तेच त्याच्या पहिल्याचं, आणि तसंच तिच्या शेवटच्यापर्यंत, कारण त्याचे फोटो जास्त होते. त्या नावाची फाइल आधीच असली तर सीपी तिच्यावर नवी ठेवून मोकळं होतं, विचारत नाही. विचारायला हवं असेल तर सीपीपुढे डॅश आय लावायचं. हे दुकानाच्या भिंतीवर लाल स्केचपेनने लिहिलेलं होतं. जैनुद्दीनच्याच हाताने. गिऱ्हाइकांसाठी.

अंजुम भांडली असती तर त्याला चाललं असतं. ती कॅमेरा कपाटात ठेवेल, फ्लॅश उचलेल आणि एक अक्षर बोलणार नाही, याची त्याला भीती वाटली. इतकी वर्षं ती गप्प होती ती सगळं ठीक होतं म्हणून नव्हे, हे त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

त्याने राजस मास्तरला फोन लावला. मास्तर म्हणाला, फॉरमॅटने फोटो जात नाहीत, नुसत्या नावांच्या पाट्या जातात. वर नवीन काही लिहिलं नसेल तर फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम ते शोधून काढेल. फक्त सापडलेले फोटो त्याच कार्डावर ठेवू नका, संगणकावर ठेवा.

मग जैनुद्दीन अंजुमला सगळं सांगून मोकळा झाला आणि त्याने विचारलं, "आन त्या कार्डावर परत काही काढलं का?"

"सकाळी दारातल्या मांजरीचे दोन."

"या अल्ला! आता हात लावू नको त्याला."

फोटोरेक चालू झाला. ती शेजारी स्टूल घेऊन बसली. भलत्याच नावांनी एकेक फोटो वर येऊ लागला. तिने काढलेले पहिले दोन कायमचे गेले, तिथे मांजर बसली होती. बाकीचे आले. काकाही आले, दात नसलेलं तोंड उघडून हसत. जैनुद्दीनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने दोष चष्म्याला दिला.

मग तो स्वतःच यायला लागला. स्टुलावर चढून ओरडणारा जैनुद्दीन. बाहीने लेन्स पुसणारा जैनुद्दीन. जिलेबीच्या ताटासमोर पेंगणारा जैनुद्दीन. निकाहानंतर त्याचा फोटो कुणी काढला नव्हता.

"हे कशाला काढले?"

"कुनी तरी काढायला नको का तुमचे?"

जैनुद्दीनने नवा फोल्डर केला, त्याला अंजुमचं नाव दिलं आणि सगळे फोटो त्यात उतरवले. या खेपेला डॅश आय लावून. संगणक काही बोलला नाही. तरी त्याने एलएस करून एकेक नाव वाचून पाहिलं. मग खुर्ची वळवून बायकोला विचारलं, "आन तुझं? ठीक चाललंय ना सगळं?"

अंजुमने स्टूल मागे सारलं. मग म्हणाली, "चहा टाकते. बसा. लई हाय सांगायचं."